मोराचा अडकित्ता

"हा आमच्याकडे होता." आजीचा हात काचेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

आज दुपारी पुण्यात शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात होतो. समोर अडकित्त्यांचं कपाट. आजीचं बोट एका मोरावर.

"मग गेला कुठे?"

"मोडीत दिला. स्टीलचा घेतला. सुपारी काय, तशीच कातरली जाते."

बसमध्ये, घरी, जेवताना, ते वाक्य काही डोक्यातून जाईना. सुपारी तशीच कातरली जाते हे त्या कारागिरालाही ठाऊक असणारच! तरी त्याने मोराच्या मानेवर पीस न् पीस कोरलं. विकत घेणाऱ्यालाही ते हवं होतं. रोज पानाच्या डब्यातून बाहेर येणारी वस्तू, तिलाही देखणेपणाचा हक्क होता.

काका केळकर, म्हणजे 'अज्ञातवासी' कवी, यांनी दिवे, भांडी, दौती, अडकित्ते असं घराघरातलं सामान जमवलं. २०,००० हून जास्त वस्तू. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं. कला म्हटलं की मला बालगंधर्व रंगमंदिर किंवा सवाई गंधर्व महोत्सव आठवतो, तिकीट काढून जायची गोष्ट. आजीच्या पिढीकडे ती पानाच्या डब्यात होती.

रात्री मी माझं टेबल पाहिलं. चार्जर, बाटली, पेनांचा डबा. कुणाच्या हाताची खूण असलेली एकही वस्तू नाही.

आजी आत्ता वहीत काहीतरी रेखाटतेय. तो मोर आहे. मान कशी वळली होती ते आठवून आठवून.

तुमच्या घरातून असं काय मोडीत गेलं?