नर्सिंगचं पहिलं सेमिस्टर आणि दादाचं बीपी

कोल्हापुरात बीएस्सी नर्सिंगला नंबर लागला तेव्हा घरी सगळ्यांची समजूत अशी की, पोरगी आता इंजेक्शनं द्यायला शिकणार. शेजारच्या काकूंनी तर स्वतःचा दंड बुक करून ठेवला होता. पण पहिल्या सेमिस्टरला विषय आले अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन.

अ‍ॅनाटॉमीचं सगळेच भ्या घालतात. २०६ हाडं, त्यांची नावं, त्यांचे सांधे. पण पाठांतराची आपल्याला शाळेपासून सवय असते. मी मराठी माध्यमाची, म्हणून शब्दांची धास्ती होती. तीही ‘टॅकी’ म्हणजे जलद, ‘ब्रॅडी’ म्हणजे मंद, शेवटी ‘आयटिस’ आलं की दाह, एवढं डोक्यात बसल्यावर बरीच कमी झाली.

घाम काढला तो टीपीआर-बीपीने. ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब. वाटतं, यात काय एवढं? श्वासाचंच बघा. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २०. पण ‘आजी, तुमचा श्वास मोजते हं’ म्हटलं की आजी लगेच छाती भरून श्वास घ्यायला लागतात आणि आकडा बिघडतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरून काढायची नाहीत. पेशंटला वाटतं अजून नाडीच चाललीय, आणि आपली नजर असते छातीवर. वॉर्डात एका आजींनी विचारलंच, “किती येळ हात धरून बसतीस गं बाळ?” माणूस बोलत असताना श्वास मोजता येत नाही, त्यामुळे आधी त्यांच्या सुनेची सगळी कहाणी ऐकून घेतली, मग पुन्हा सुरुवात. सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ तेवढं घ्या. मोबाइल घेऊन पेशंटजवळ उभं राहणं चांगलं दिसत नाही.

सरावाला घरचीच माणसं. माझा मावसभाऊ तालमीतला, रोज पहाटे जोर-बैठका. त्याची नाडी लागली ५२. पुस्तकात ६० ते १००. दुसऱ्या कुणाची असती तर मी लगेच मॅडमना फोन केला असता. पण व्यायामाने कमावलेलं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं, त्यामुळे थोडक्या ठोक्यांत त्याचं भागतं. चक्कर नाही, दम नाही, तर त्याच्यासाठी ५२ ठीकच. मग बीपी घेतलं, ते मात्र चढं आलं. “आयला, मला बीपी झालं व्हय गं?” म्हणून गडी हबकला. कफ, म्हणजे दंडाला गुंडाळून फुगवायचा पट्टा, नेहमीचा होता आणि त्याच्या दंडाला कसाबसा पोचत होता. कफ लहान पडला की आकडा खोटा चढा दाखवतो. मोठा कफ मिळवून घेतलं, तर व्यवस्थित. नॉर्मलचा आकडा पाठ असणं वेगळं आणि समोर कोण बसलंय ते बघणं वेगळं, हे मला वर्गापेक्षा त्याच्या दंडाने जास्त शिकवलं.

बीपीची पद्धत सांगते, कारण इथे बरीच मुलं घाई करतात. स्टेथो लावण्याआधी बोटाने नाडी धरून कफ फुगवायचा. नाडी जिथे लुप्त होते, त्याच्या ३० मिमी (बीपी मोजतात ते पाऱ्याचे मिलिमीटर) वर न्यायचा आणि सेकंदाला २-३ मिमी या वेगाने हवा सोडायची. पहिला टक् ऐकू आला तो वरचा आकडा, आवाज थांबला तो खालचा. हे आवाज कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरने १९०५ मध्ये मांडले. आधी नाडी का धरायची? काही ब्लडप्रेशरवाल्यांत आवाज मध्येच गायब होऊन पुन्हा सुरू होतो. नुसत्या कानावर विसंबलं तर वरचा आकडा कमी धरला जातो.

प्रॅक्टिकलला हात धुण्यापासूनच मार्क सुरू होतात. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद; अंगठा आणि नखं बहुतेक जण विसरतात. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी विचारलं, “पेशंट जिना चढून आलाय, बीपी घेशील?” मी म्हटलं, पाच मिनिटं बसवेन, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला आधार देऊन. “आणि चहा पिऊन आला असेल तर?” अर्धा तास थांबेन. ओपीडीत चहा न पिता आलेला माणूस आणायचा कुठून, हे मात्र मनातच ठेवलं.

पास झाले. आता बायोकेमिस्ट्री आणि आहारशास्त्र सुरू झालंय. काकूंना अजून थांबावं लागणार.