पांढरा कुठे थांबतो?

मराठी घरात वाढलेला माणूस पूलच्या टेबलापाशी पहिल्यांदा येतो, तेव्हा अगदीच कोरा नसतो. मे महिन्याच्या दुपारी बोटं बोरिक पावडरने पांढरी करून खेळलेला कॅरम त्याच्या डोळ्यांत बसलेला असतो. कट कसा घ्यायचा, कडेवर आपटून सोंगटी कुठे येईल, हे त्याला शिकवावं लागत नाही. पहिले तीन-चार बॉल तो झोकात पॉट करतो. आणि मग अडकतो. कारण बॉल पॉकेटात गेला, पण ज्याला काठीने मारायचं तो पांढरा बॉल भलतीकडेच जाऊन बसला!

याला कारण आहे वजन. कॅरमचा स्ट्रायकर जास्तीत जास्त 15 ग्रॅमचा आणि सोंगटी जेमतेम 5 ते साडेपाच ग्रॅमची. तिप्पट जड स्ट्रायकर सोंगटीला धडकला तरी आपल्या वाटेवरून फारसा ढळत नाही, पुढेच घसरत राहतो. पूलमधले सगळे बॉल एकाच मापाचे, 57.15 मिलिमीटर व्यासाचे, आणि वजनालाही सारखे. त्यामुळे पांढरा नुसता घसरत जाऊन दुसऱ्या बॉलवर नाकासमोर आदळला, तर आपला सगळा वेग त्याला देऊन जागच्या जागी उभा राहतो. तिरका लागला तर दोघांच्या वाटांमध्ये काटकोन होतो.

पण पांढरा क्वचितच नुसता घसरतो. तो गोल आहे, त्यामुळे गडगडतो. लांबून मारताना बरोबर मध्यावर मारलं तरी कापडाच्या घर्षणाने वाटेतच त्याला पुढची फिरकी लागते, आणि आदळल्यावर तो थांबायच्या ऐवजी मागोमाग निघतो. म्हणून अंतर जितकं जास्त, तितकं मध्याच्या खाली मारायचं, म्हणजे धडकेच्या क्षणी उलटी फिरकी नेमकी संपलेली असते. गडगडत्या पांढऱ्याचा हिशोबही ठरलेला आहे. नेम धरताना पांढऱ्याने समोरच्या बॉलचा पाव ते पाऊण भाग झाकला जाईल असा कुठेही मारला, तर पांढरा आपल्या मूळ रेषेपासून सुमारे 30 अंशांनी वळतो. हा एवढा एक कोन डोळ्यांत बसला की टेबल निम्मं वाचता येतं.

उलटी फिरकी, म्हणजे ड्रॉ, हे नवख्यांचं स्वप्न. ते क्यूची, म्हणजे काठीची, मागची बाजू वर उचलतात आणि पांढऱ्याच्या बुडाखाली टोचतात. बॉल उडी मारतो, कापडाला धोका होतो आणि पूल पार्लरच्या काउंटरवरचा माणूस वर बघतो. खरं तर क्यू होईल तितका आडवा हवा आणि मार मध्याच्या खाली साधारण एका टिपभर (टिप म्हणजे क्यूचं चामडी टोक), म्हणजे बाराएक मिलिमीटर. बॉलच्या त्रिज्येच्या निम्म्यापलीकडे, चौदाएक मिलिमीटरच्या पुढे गेलात की टिप सटकलीच म्हणून समजा. मारल्यावर क्यू तिथेच आखडायचा नाही. पांढरा जिथे होता तिथून आणखी वीतभर पुढे जाऊ द्यायचा. मागच्या हाताची पकड चिमणीचं पिल्लू धरल्यासारखी. मूठ आवळली की मनगट वळतं, आणि मनगट वळलं की पांढऱ्याला नको असलेली बाजूची फिरकी मिळते. नव्वद टक्के हुकलेल्या शॉटांचं खापर टेबलावर फुटतं, हा माझा पक्का समज आहे.

टेबलाचा दोष अर्थात कधीकधी खराही असतो. खेळण्याआधी एक बॉल अगदी हळू लांबीच्या दिशेने सोडावा. शेवटच्या हातभर अंतरात तो वाकडा झाला, तर खालची पाटी समतल नाही. भिंतीशी उभ्या केलेल्या क्यूंपैकी एक उचलावा, बंदुकीसारखा डोळ्याशी धरून त्याचा बाक पाहावा. टिपची गोलाई साधारण रुपयाच्या नाण्याच्या कडेइतकी असावी. सपाट, चकचकीत टिप चॉक, म्हणजे ती सटकू नये म्हणून लावायचा निळा खडू, धरत नाही. आणि चॉक लावायचा म्हणजे त्यात टिप घुसवून गरगर फिरवायची नसते. काजळ घालावं तसा हलक्या हाताने फिरवायचा, कडेपर्यंत. चॉकच्या ठोकळ्यात खोल विहीर दिसली की त्या पार्लरची गिऱ्हाइकं कळतात.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात हा खेळ वेगळाच होतो. दमट कापड बॉलला धरून ठेवतं, ड्रॉ मधेच मरतो, कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवरून, येणारे कोन बदलतात. मळलेले बॉल एकमेकांना चिकटल्यासारखे लागतात, आणि हळू मारलेला कट हमखास जाड जातो, म्हणजे बॉल हवा तितका वळत नाही. अशा दिवशी शहाण्याने बॉल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावेत आणि थोडा जास्त पातळ, म्हणजे कडेला निसटता, कट घ्यावा.

हा खेळ जन्मभर पुरतो, कारण गुडघ्यांपेक्षा तो डोळ्यांकडे जास्त मागतो. तिथे मात्र चाळिशी आडवी येते. क्यूवर वाकलं की नजर भिंगाच्या वरच्या कडेतून जाते, फ्रेम नेमकी बॉलवर येते. 1985 साली स्नूकरचा विश्वविजेता झालेला डेनिस टेलर उलटा लावल्यासारखा दिसणारा मोठा चष्मा घालायचा, तो याच कारणासाठी. आपल्याकडे पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सने 1958 मध्ये बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद मिळवलं. त्या खेळात टेबलावर बॉल तीनच. लालला लागून आपला बॉल पॉकेटात गेला तर उलट तीन गुण मिळतात. पूलमध्ये तोच फाउल.

आणि काळ्यावर, म्हणजे शेवटी घालायच्या आठ नंबरच्या बॉलवर, तोच फाउल झाला तर गेमच जातो. सात बॉल साफ झालेले, आठ नंबर कोपऱ्याच्या तोंडाशी. पॉकेट साडेचार इंचांचं, म्हणजे शेजारी-शेजारी दोन बॉल मावतील एवढं. हुकायला जागा नाही. काळा टपकन पडतो. पण मार जरा जोरात बसलेला असतो, पांढरा कुशनला लागून समोरच्या कोपऱ्याकडे निघतो, आणि टेबलाभोवतीचे सगळे एका बाजूला कलतात. जिंकणारा क्यू छातीशी धरून पुटपुटतो, "थांब रे, थांब." पांढऱ्यावरचा चॉकचा निळा ठिपका दर फेरीला वर येतो, खाली जातो, हळूहळू वर येतो...