कोणते साहस छापायचे, हे ठरवणारे खेळाडू

अमेरिकेतील लेखक वोल्फगांग बाऊर यांनी २००६ साली ‘ओपन डिझाइन’ सुरू केले, म्हणजे पात्रांच्या भूमिका घेऊन टेबलाभोवती खेळायच्या खेळांसाठी साहसे (खेळाडूंनी खेळायच्या कथा) लिहिण्याचा उपक्रम, तेव्हा लोकांकडून आगाऊ निधी गोळा करणारे किकस्टार्टर हे संकेतस्थळही जन्माला आले नव्हते. आगाऊ पैसे भरणारे आश्रयदाते पुढचे साहस कोणते लिहावे यावर मत देत आणि मसुद्यावर चर्चा करत. झोबेक हे यंत्रचक्रांचे काल्पनिक शहर याच उपक्रमातून खेळाडूंपर्यंत पोहोचले. मला मात्र मतदानापेक्षा ही चर्चा अधिक मोलाची वाटते, कारण वीस बाजूंचा फासा टेबलावर घरंगळत असताना खेळाडू गुहेचे दार सोडून भलत्याच वाटेला लागले की मजकूर कुठे अपुरा पडतो, हे खेळ चालवणाऱ्यालाच आधी उमगते. अशा भलत्या वाटा मी वहीच्या समासात टिपून ठेवतो आणि नवा मसुदा हाती आला की आधी ती वही उघडतो.