ओला रस्ता, साडेतीनशे हॉर्सपॉवर आणि माझा उजवा पाय

पावसात गाडी घसरायला लागली की सगळ्यात आधी काय होतं माहितीये? आवाज वगैरे नंतर, आधी स्टिअरिंग हलकं होतं. म्हणजे इतका वेळ हातात काहीतरी जड, जिवंत असं होतं आणि अचानक ते कुणीतरी काढून घेतल्यासारखं. मला हे कळलं ते एका लांबलचक वळणावर, वेग ऐंशीच्या आसपास, बाजूला दादा बसलेला आणि मी त्याला आमच्या नवीन गाडीचं कौतुक ऐकवतोय की बघ, चारही चाकांना पॉवर आहे, पाऊस असो काही असो हिला फरकच पडत नाही.

फरक पडला. वळण पुढे जाऊन आवळत जाणारं होतं, मी स्टिअरिंग अजून फिरवलं, गाडी सरळच. अजून फिरवलं, तरी सरळच. मग घाबरून पाय झटकन काढला, आणि पुढच्या चाकांवर एकदम वजन आलं, त्यांना ग्रिप सापडली, मागची चाकं मात्र हलकी झाली आणि गाडीने शेपूट मारलं. खालून ब्रेकचा तो करकर आवाज आला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला आणि ईएसपीने (घसरणारी गाडी एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) आम्हाला परत लेनमधे आणून ठेवलं. सगळं मिळून दोन सेकंद असतील फारतर. दादा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "फरक पडत नाही म्हणत होतास ना?"

त्यानंतर खूप डोकं खाजवलं. दादाची जुनी गाडी मागच्या चाकांवर चालणारी आहे, ती पावसात सिग्नलवरून निघतानाच जरा रेस जास्त दिली की मागून वळवळते. म्हणजे ती पहिल्या पाच सेकंदात सांगते की बाबा आज रस्ता निसरडा आहे. माझी गाडी हे सांगतच नाही! तीच पॉवर चार ठिकाणी वाटली जाते, प्रत्येक टायरच्या वाट्याला कमी येते, त्यामुळे कुठलंच चाक सुटत नाही आणि ती कोरड्या रस्त्यासारखीच सुसाट निघते. मला वाटतं ग्रिप भरपूर आहे. आणि मग वळण येतं, किंवा समोरचा ब्रेक मारतो, आणि तेव्हा खरा हिशोब होतो. माझ्या मते पॉवरफुल ऑल व्हील ड्राईव्हचा पावसातला सगळ्यात मोठा धोका हाच, ती धोक्याची खूणच लपवते.

कारण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात ना. थांबताना माझ्या गाडीकडे जास्तीचं काहीच नाही, उलट वजन थोडं जास्तच. वळणाचा हिशोब पण करून बघितला. ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या, चांगल्या कोरड्या रस्त्यावर ते टोकाला ताशी ७५ किमीच्या आसपास निघेल, ग्रिप निम्मी झाली की तेच ५३ वर येतं. गंमत म्हणजे या गणितात किती चाकं ओढतायत हा आकडा कुठेच येत नाही, फक्त टायर आणि रस्ता यांची पकड आणि त्रिज्या. ब्रेकचंही तसंच, ग्रिप निम्मी तर थांबायचं अंतर दुप्पट. शंभरच्या वेगाने कोरड्यावर ४० मीटरमधे थांबणारी गाडी ८० घेणार, त्यात तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे मीटर धरलेलेच नाहीत.

हे काही नवीन ज्ञान नाहीये म्हणा. १९८० मधे ऑडी क्वाट्रो आली आणि मग रॅलीत तिने धुमाकूळ घातला म्हणून सगळ्यांना ती आठवते, पण त्याच्या खूप आधी, १९६६ मधे जेन्सन एफएफ नावाची गाडी आली होती, तिच्यात चारही चाकांना पॉवर होती आणि सोबत चाक जाम न होऊ देणारे मेकॅनिकल ब्रेकपण होते. म्हणजे पळवायची सोय केली तर थांबवायचीही बघावी लागते हे त्या लोकांना तेव्हाच कळलं होतं, मला ऐंशीच्या वेगात कळलं.

मग एके दिवशी मोकळ्या, ओल्या मैदानावर गाडी घेऊन गेलो (आजूबाजूला झाड नाही, खांब नाही, माणूस नाही हे आधी बघून) आणि तीस-चाळीसच्या वेगात मुद्दाम घसरवून बघितली. पुढचं टोक बाहेर जायला लागलं की मनातून अजून स्टिअरिंग फिरवावंसं वाटतं, अगदी आतून वाटतं, पण करायचं बरोबर उलटं, रेस हळूच कमी करायची, झटक्यात नाही, आणि स्टिअरिंग थोडंसं परत सोडायचं. टायर आधीच घसरतोय, त्याला अजून वाकडं करून काय मिळणार? जरा सोडलं की तो परत पकडतो, आणि ते हाताला कळतं, जडपणा परत येतो. पहिल्या चार-पाच वेळा मला जमलंच नाही. मागचं टोक निघालं तर जिकडे जायचंय तिकडे बघायचं, हात आपोआप तिकडे वळतात, आणि ब्रेकवर उडी मारायची नाही.

टर्बोवाल्यांसाठी एक जास्तीची भानगड, वळणाच्या मधे रेस दिली तर आधी काही होत नाही म्हणून आपण अजून दाबतो आणि मग सगळा टॉर्क एकदम येतो. पावसात मी आता एक गिअर वरचा ठेवतो. मित्राची दोन मोटरवाली इलेक्ट्रिक आहे तिचं वेगळंच, पाय काढला की ती स्वतःच ब्रेक लावल्यासारखी ओढते, म्हणून तो पावसात ते रीजन कमीवर ठेवतो.

पाणी साचलेलं असेल तर मात्र वरचं सगळं कौशल्य बाजूला. टायर पाण्यावर तरंगायला लागला की चार चाकं ओढतायत की दोन, काय फरक? नासाने १९६३ मधे विमानांच्या टायरवरून एक सूत्र दिलं होतं, त्याप्रमाणे ३२ पीएसआय हवेला टायर तरंगायला लागण्याचा वेग ताशी ९४ किमीच्या आसपास येतो, पण गोटा झालेला टायर आणि खोल पाणी असेल तर त्याच्या आधीच तरंगतो. तेव्हा स्टिअरिंग सरळ धरून पाय अलगद काढायचा, बस. वाकडं धरलं तर ग्रिप परत येते त्या क्षणी गाडी तिकडे झेप घेते. पावसात क्रूझ कंट्रोल बंद हे सांगायला नकोच.

पोर्शेने २०१८ मधे दाखवलेल्या ९९२ पिढीच्या ९११ मधे पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज ऐकणारे सेन्सर बसवले, पाणी उडून आदळतं त्याच्या आवाजावरून रस्ता ओला आहे हे ती ओळखते आणि ड्रायव्हरला वेट मोड लाव म्हणून सुचवते. माझ्या गाडीत असलं काही नाही, म्हणून मी गाणी बंद करतो. खरंच. फसफस आवाज असेल तर ठीक, खालून धबधब्यासारखं आदळायला लागलं की पाणी जास्त आहे. आणि निघाल्यावर मागे कोणी नाही बघून एकदा सरळ रस्त्यावर ब्रेक जरा जोरात दाबून बघतो, एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) किती लवकर थरथरतो त्यावरून आजचा रस्ता कळतो. जी गोष्ट दादाची गाडी फुकटात सांगते ती मला अशी विचारून घ्यावी लागते. बऱ्याच दिवसांनी पडलेल्या पहिल्या सरीत तर हमखास विचारतो, तेव्हा रस्त्यावरचं तेल आणि रबराची भुकटी वर येते आणि सगळ्यात जास्त तेव्हाच घसरतं.

टायरचं सांगायचं राहिलंच. कायद्याने १.६ मिमी खाच चालते, पण पावसात मला ३ च्या खाली भीती वाटते. माझे मोजले तर पुढचे ३.५ आणि मागचे ३ भरले. आणि ऑल व्हील ड्राईव्हला दोनच नवीन घालून भागत नाही, झिजेत फरक पडला की चाकं वेगवेगळी फिरतात आणि पुढच्या-मागच्या चाकांत पॉवर वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शिअलवर नाहीतर क्लचवर सतत ताण येतो, म्हणून पुढच्या आठवड्यात चारही बदलतोय. दादा म्हणाला, "अरे, अजून एक सीझन सहज निघेल की यांच्यावर." म्हटलं, साईझ बसत असेल तर घेऊन जा तुझ्या गाडीला. तर म्हणे, "नको रे, माझी पावसात आधीच वळवळते."