दट्ट्याखालचं डाळिंब

घरात धडधाकट मिक्सर असताना हाताने फिरवायचं फळं पिळण्याचं यंत्र ओट्यावर आणून ठेवणं म्हणजे नुसती कामवाढ, असं सासूबाईंचं पहिल्या दिवशीचं मत होतं. आता त्यांनी ते थोडं सैल केलंय. कामवाढच आहे, पण डाळिंबापुरती माफ. माझंही मत फार वेगळं नाही. खोक्यावरच्या चित्रात संत्र्यापासून अननसापर्यंत सगळी फळं हसत उभी होती, पण प्रत्यक्षात हे यंत्र भलतंच चोखंदळ निघालं.

दिसायला साधंच आहे. स्टीलचं भोकाभोकांचं भांडं, त्याखाली चोच काढलेली ताटली, वर कमान, कमानीतून उतरणारा जाड आट्यांचा दांडा आणि दांड्याच्या टोकाला दट्ट्या. दिवाळीत आट्यांचा सोऱ्या फिरवलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही. सोऱ्यात मागे काही उरत नाही, इथे चोथा उरतो, एवढाच फरक. तुळशीबागेतल्या दुकानदाराने तर एका वाक्यात विषय संपवला, "ताई, यात मोटरच नाही, म्हणजे जळायचं काही नाही." हे खरं होतं. या यंत्राला दोन माणसं लागतात, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

म्हणजे असं, की सुरुवातीला दांडा गरगर फिरतो. डाळिंबाचे दाणे दबले, की तो जड होतो आणि मग दांड्याबरोबर अख्खं यंत्रच ओट्यावर गोल फिरायला बघतं. पायांना रबर आहे, पण ओल्या ग्रॅनाइटवर ते काय कामाचं? तेव्हा एकाने कमान घट्ट धरायची आणि दुसऱ्याने दांडा फिरवायचा. आमच्याकडे धरायचं काम नवऱ्याकडे आहे. धरून उभं राहिल्यावर माणसाला दुसरं काही करता येत नसल्यामुळे तो हिशोब करतो. दांड्याची मूठ मध्यापासून १० सेंटिमीटर लांब, आणि एका फेऱ्यात दट्ट्या उतरतो ४ मिलिमीटर. म्हणजे हात ६३ सेंटिमीटर फिरावा तेव्हा दट्ट्या नखभर सरकणार, जोर दीडशेपट. हाताने ५ किलोचा रेटा दिला आणि त्यातला पाऊण भाग आट्यांच्या घर्षणात गेला, तरी खाली दोनशे किलोच्या आसपास दाब पडतो. "म्हणजे तीन माणसं दट्ट्यावर उभी," तो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "मग एकाला तरी खाली उतरून यंत्र धरायला सांग."

युक्ती जुनीच आहे. रोमन लोक पहिल्या शतकात द्राक्षं आणि ऑलिव्ह अशाच आट्यांच्या दांड्याखाली पिळत होते. पंधराव्या शतकाच्या मध्याला गुटेनबर्गने युरोपात छपाईचं यंत्र उभं केलं, तेही याच घडणीवर. दट्ट्याखाली द्राक्षांऐवजी शाई लावलेले खिळे आणि कागद आले, बस्स. अप्पा बळवंत चौकातून पुस्तकांच्या पिशव्या घेऊन येताना हे आठवलं, की ओट्यावरच्या त्या ठोंब्याबद्दल जरा आदर वाटतो.

पण डाळिंबाचं सांगत होते. मार्केट यार्डात सोलापूरकडचा भगवा आला, की आमच्या इमारतीतले दोघं-तिघं मिळून पेटी आणतात. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पुणेकरांनीही या फळावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही. एके काळी बागायतदारांच्या तोंडी असलेली 'गणेश' ही जात इथल्याच गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात, आळंदी जातीच्या झाडांतून निवडून काढलेली. ते १९३६ साल होतं. डॉ. चीमांनी केलेली ही निवड मऊ बियांसाठी नावाजली गेली. भगव्याचा दाणा मात्र रंगाला जबरदस्त. पिळताना जो रंग उतरतो, तो बघायला मुलं टीव्ही सोडून येतात.

सोलण्यातच खरी मेहनत आहे. दाण्यांमधला पिवळट पापुद्रा एकही राहता कामा नये, कारण तुरटपणा त्याच्यातच. दाणे पातळ मलमलच्या फडक्यात सैलसर बांधायचे, भांड्यात ठेवायचे आणि दट्ट्या हळूहळू उतरवायचा. मिक्सरमध्ये बी भरडली जाते, रस गढूळ होतो आणि जिभेवर तुरट पूड रेंगाळते. इथे बीला धक्का लागत नाही, फक्त तिच्याभोवतीची रसाची पिशवी फुटते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत काहीच होत नाही. मग भांड्याच्या भोकांवर लाल ठिपके उगवतात, फुगतात, एकमेकांत मिसळतात आणि अचानक चोचीतून धार लागते. इथे घाई केली, की रस खाली न जाता दट्ट्याच्या कडेने वर येतो आणि शर्टावर उडतो. डाळिंबाचा डाग काय चीज आहे, ते धुणारालाच माहीत.

म्हणून थांबायचं. दाबाने दाणे एकमेकांना चिकटले, की रसाच्या वाटा बुजतात. दोन मिनिटं हात सोडला, की कोंडलेला रस आपोआप झिरपतो आणि दांडा पुन्हा पाव फेरा सरकतो. फेऱ्यांपेक्षा या थांब्यांचाच वेळ जास्त होतो. दोन माणसं ओट्याला खिळलेली, हात चिकट, फोन उचलता येत नाही. अशा वेळी काय होणार? गप्पा. सोसायटीच्या पार्किंगपासून मामेबहिणीच्या साखरपुड्यापर्यंत जे विषय आठवडाभर "नंतर बोलू" म्हणून राहिलेले असतात, ते सगळे तिथे निघतात. आमचं एक छोटं भांडण तर डाळिंब संपलं म्हणून अर्धवट राहिलं.

किलोभर डाळिंबाचा रस निघतो ३०० ते ४०० मिलिलिटर. चार माणसांत तो वाटायचा तर आपोआप लहान पेले निघतात, आणि लहान पेल्यातलं पेय कोणी गटागटा पीत नाही.

बाकीच्या फळांचं थोडक्यात सांगते. मोसंबीला हे यंत्र नकोच. साल काढा, पांढरा गर काढा, बिया काढा, एवढं केल्यावर ती खाऊनच टाकावी. शिवाय मोसंबीचा रस ठेवला, की तास-दोन तासांत कडवट होतो. फळात असताना कडूपणा दडलेला असतो, पेशी फुटल्या की रसातल्या आम्लामुळे तो हळूहळू वर येतो. त्यामुळे काढला की तिथेच प्यायचा. त्यासाठी कोपऱ्यावरचा रसवाला बरा. काळी द्राक्षं मात्र यात छान पिळली जातात. त्यांचा रंग सालीत असतो, म्हणून आधी हाताने कुस्करून, मंद आचेवर नुसती कोमट करून मग दट्ट्याखाली घालायची. हा रस बाहेर ठेवला, की आंबायला लागतो. १८६९ साली अमेरिकेत वेल्च नावाच्या दंतवैद्याने द्राक्षाचा रस तापवून बाटल्यांत भरला, तो चर्चमधल्या विधीला वाइनऐवजी न आंबलेला रस मिळावा म्हणून. आमच्याकडे तो रात्रीपर्यंत उरत नसल्याने धर्मसंकट आलेलं नाही. आवळा किसून घातला तर रसही निघतो आणि चोथ्याला मीठ लावून उन्हात टाकलं, की सुपारी होते. हापूस या यंत्राजवळ नेण्याचा विचार माझ्या मनात एकदा आला होता. सासूबाईंनी नुसतं बघितलं.

विजेशिवाय चालतं, हा याचा मोठा गुण. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, की शेजारणी मिक्सरकडे बघत बसतात आणि आमच्याकडे रस निघतो. पण पुण्यातल्या गुरुवारी कित्येकदा पाणीही नसतं, आणि हे यंत्र वापरल्या वापरल्या धुवावं लागतं. भोकांत अडकलेले तंतू वाळले, की बाटली घासायच्या ब्रशलाही दाद देत नाहीत. त्यामुळे बादली भरून ठेवल्याशिवाय गुरुवारी रस नाही. आट्यांना अधूनमधून शेंगदाणा तेलाचं बोट लावलं, की दांडा कुरकुरत नाही.

समोरच्या काकूंनी सुरुवातीला या उपद्व्यापाची बरीच चेष्टा केली. आता त्या डाळिंबं सोलून, डबा भरूनच येतात. यंत्र आमचं, धरायला नवरा आमचा, दांडा मी फिरवायचा. त्या स्टुलावर बसून थांब्यांमधल्या गप्पा सांभाळतात. रसातला एक पेला सासूबाईंना आवर्जून देतात. चोथा मात्र सोडत नाहीत. बिया वाळवून, कुटून छोल्यांत घालतात म्हणे. मागच्या वेळी जाताना दारात थांबून म्हणाल्या, "अगं, तुमच्या डाळिंबांचाही चोथा टाकत असाल तर देत जा. कुटून देईन हवं तर, निम्मा तुमचा."