नाकात भोक नसलेला नंदी

'समाज' हा आपल्याकडे मोठा लबाड शब्द. पत्रिकेवर 'समाजाचा मेळावा' छापलं की तो जातीचा मेळावा, हे नागपुरात शेंबडं पोरही जाणतं. 'सोसायटी' म्हटलं की मेंटेनन्स आणि पार्किंगची भांडणं. संस्कृती बिचारी गणपतीचे दहा दिवस स्टेजवर, माइक सुरू व्हायची वाट बघत.

समाज कुठला आणि संस्कृती कुठली, यात विद्वानांचाही गोंधळ काही कमी नव्हता. टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ साली संस्कृतीची व्याख्या केली, तीतच 'समाजाचा घटक म्हणून माणूस जे मिळवतो ते' असं म्हणून दोघांची गाठ मारली. पुढे मानववंशशास्त्रवाले संस्कृतीवर हक्क सांगू लागले, समाजशास्त्रवाले समाजावर. १९५८ मध्ये मानववंशशास्त्रवाला क्रोबर आणि समाजशास्त्रवाला पार्सन्स या दोन अमेरिकनांनी जोडीने लेख लिहून वाटणी केली. माणसामाणसांतले व्यवहार, नाती ही समाजव्यवस्था. पिढ्यांकडून हाती येणारे अर्थ, मूल्यं, खुणा ही संस्कृती. दोन शेतांमधल्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद मिटवावा तसं.

तो धुरा मला दिसला तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्याला. तिकडे शहरात मारबतींच्या पुतळ्यांच्या मिरवणुका निघाल्या होत्या, इकडे आमच्या पार्किंगमध्ये चाकांवरचे लाकडी नंदी. बेगड, झूल, आंब्याच्या पानांचं तोरण. एक पोरगं स्पायडरमॅन होऊन आलं होतं, त्याचाही नंदी होताच. अख्ख्या बिल्डिंगीत शेती कसणारं एकही घर नाही. बैल सजवून दारी आणणाऱ्या गड्याला मालकाने द्यायचा तो बोजारा. गडी गेला, मालक गेला, बोजारा मात्र दहाच्या कोऱ्या नोटांत दारोदार चालू.

लेकीच्या नंदीची वेसण सारखी निसटत होती. वॉचमन पांढुर्ण्याकडचा. तो उकिडवा बसला, दोरी हातात घेतली आणि हसला.

"भाऊ, याच्या नाकात भोकच नाही ना!"

मग त्याने शिंगांमागून दोरी घेऊन मोरकी बांधली. दोन पेड, एक आढा, हात न थांबता. अंगठ्याने गाठ दाबून पाहिली आणि सवयीने नंदीच्या पाठीवर थाप मारली.

माझा हात खिशात गेला. द्यावा का याला बोजारा? द्यायला हरकत नव्हती. पण मग मी कोण झालो? नोट बोटांत तशीच राहिली, तेवढ्यात गेटवर कुणीतरी हॉर्न दाबला आणि तो दोरी लेकीच्या हातात देऊन पळाला.