जेवणाच्या भांड्यांच्या भट्टीत क्रेटर ग्लेझ

क्रेटर ग्लेझ म्हणजे भट्टीत फोड येऊन खळगे पडलेला, भांड्यावरचा काचेसारखा लेप. वाट्या-मगांच्या ऑर्डरी चालू असताना त्याच्या प्रयोगासाठी वेगळी भट्टी लावायची गरज नाही. लंडनमध्ये कुंभारकलाकार ल्युसी री यांच्या एकाच स्टुडिओतून कप-बश्याही निघाल्या आणि फोड आलेल्या, खडबडीत ग्लेझची भांडीही. भट्टीतल्या खालच्या शेल्फचा एक कोपरा पुरतो.

बेस म्हणून आपलं नेहमीचं मॅट (न चकाकणारं) पांढरं ग्लेझ घ्या. कोरडं १०० ग्रॅम, असे चार कप. त्यांत सिलिकॉन कार्बाइड अनुक्रमे ०.५, १, २ आणि ३ ग्रॅम. दगड घासायची ६०० नंबरची पूड चालते. जाड पूड बहुतेक काळे ठिपकेच सोडते. वजन करताना मास्क हवाच. ग्लेझ वितळलं की कार्बाइड त्यातल्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन ओढून घेतं, वायू सुटतो, बुडबुडे फुटतात आणि खळगे राहतात. चकचकीत, पातळ वितळणारं ग्लेझ हे खळगे पुन्हा भरून टाकतं, म्हणून मॅट. थर २ ते ३ मिलिमीटर लागतो. ब्रशने हात देताना ओल नुकती विरली की पुढचा हात द्या. कडक वाळलेल्या थरावर दिला तर पापुद्रे सुटतात.

चाचणीची टाइल उभी, ८-१० सेंटिमीटरची करा म्हणजे ओघळ कळतो. खाली बिस्क केलेली (ग्लेझशिवाय एकदा भाजलेली) मातीची चकती ठेवा, तिच्यावर अल्युमिना हायड्रेट (न वितळणारी पूड) आणि केओलिन (पांढरी माती) समभाग लावा. ही चकती टाळली की शेल्फ छिन्नीने खरवडत बसावं लागतं.

खरी अडचण भाजण्याच्या वेळापत्रकाची. कोन ६ ला (सुमारे १२२० अंश सेल्सिअसला) भांड्यांसाठी १०-१५ मिनिटं थांबायचं असतं, पिनहोल म्हणजे ग्लेझमधली बारीक छिद्रं भरायला. त्यात खळगेही बुजतात. तरीही वेळापत्रक भांड्यांचंच ठेवावं. बेसच्या १०० भागांत ५ भाग केओलिन वाढवून ग्लेझ घट्ट करावं. बऱ्याच इलेक्ट्रिक भट्ट्या तळाशी किंचित थंड राहतात, त्याचाही फायदा होतो.

फुटणारे बुडबुडे शिंतोडे उडवतात, म्हणून शेजारच्या भांड्यापासून ५ सेंटिमीटर अंतर ठेवा. हिरव्यासाठी क्रोम ऑक्साइड घातलं असेल तर टिन असलेलं पांढरं ग्लेझ त्या भट्टीत नकोच: क्रोमची वाफ उडते आणि वाट्यांवर गुलाबी डाग पडतात.

क्रेटर ग्लेझ अन्नाच्या भांड्याच्या आत किंवा ओठाजवळ कधीही नको. खळग्यांच्या कडा काचेसारख्या कापतात. हातमोजे घालून, पाणी लावून कार्बोरंडमच्या (सिलिकॉन कार्बाइडच्या) दगडाने घासा. प्रत्येक टाइलच्या पाठीवर आयर्न ऑक्साइडने नंबर लिहा. पेन्सिलचा नंबर भट्टीत जळून जातो.